होलिसला घरी जायचंय

१८ नोव्हेंबर

ही वही नॅनेटनं दिली आहे. डॅडी रोज काय विसरतात ते तारीखवार लिहून ठेव, जानेवारीत डॉक्टरला दाखवू, असं तिनं माझे दोन्ही हात धरून सांगितलं. मी हो म्हटलं. लेकीला हो म्हणायला काय जातं? पण एकोणिसाव्या वर्षापासून ज्या होलिसच्या शेजारी झोपते आहे त्याच्या चहाड्या लिहायला मी काही बसणार नाही. वही मात्र चांगली आहे, जाड पानांची. वाया घालवण्यापेक्षा हिच्यात मी शेजाऱ्यांच्या चुका लिहीन. त्या भरपूर आहेत.

शेजारी म्हणजे आमच्या घरात राहायला आलेली माणसं. रस्त्यापलीकडचं ते पांढरं घर होलिसच्या आजोबांनी बांधलं, अंगणातली पिकानची, अक्रोडासारख्या फळांची झाडंही त्यांनीच लावली. उन्हाळ्यात होलिस जिन्यावरून पडला, नॅनेटनं धोशा लावला, आणि आम्ही ते विकून इकडे त्याच्या वारलेल्या आत्याच्या बुटक्या विटांच्या घरात आलो. इथे जिना नाही. इथे तसं काहीच नाही.

नवी माणसं मूळची फिलिपिन्सची, मधली वर्षं शिकागोत काढलेली. बायको मॅरिव्हिक आपल्या इस्पितळात नर्स. नवरा आर्नेल शेंगदाण्याच्या गिरणीत वायरमन. एक मुलगी, लायका, आठेक वर्षांची. माणसं वाईट नाहीत, पण थँक्सगिव्हिंग व्हायच्या आतच त्यांनी पोर्चवर परातीएवढी लुकलुकणारी चांदणी टांगली आहे. आमच्या डोव्हर्स मिल गावात टर्की पोटात गेल्याशिवाय ख्रिसमसचा दिवा कुणी लावत नाही. चर्चमधून येताना माझ्या मैत्रिणीनं, बर्निसनं, मुद्दाम गाडी थांबवली. "इमोजीन, तुझ्या घराचा पार सर्कशीचा तंबू केला गं त्यांनी!"

होलिस म्हणाला, "मला तर बरा वाटतोय." मग तो पलीकडे गेला आणि टोपीत पिकान वेचायला लागला. मी म्हटलं, "होलिस, ती झाडं विकली आपण." तो "बरं" म्हणाला आणि वेचत राहिला. जन्माची सवय चार महिन्यांत कशी जाईल?

२३ नोव्हेंबर

आज पलीकडे पौंड नेले. कुणी नवं राहायला आलं की घरटी एक पौंड काहीतरी न्यायचं, पीठ, साखर, लोणी, कॉफी, काय सुचेल ते. आधी कळवायचं नाही, त्यातच मजा. मॅरिव्हिक रात्रपाळी करून झोपली होती. विस्कटलेल्या केसांनी दार उघडलं तर समोर अर्धं गाव पिशव्या घेऊन उभं. तिचा चेहरा पडला. "कोण गेलं?" म्हणाली बिचारी.

बर्निस म्हणाली, "कुणी गेलं नाही गं बाई, तुम्ही आलात ना!"

सगळ्यांत आधी आत शिरला तो होलिस. शिरला आणि दारात उलटा फिरून लोकांचं स्वागत करायला लागला. "या, या! कोट इकडे द्या. अरे, पायरी सांभाळा, ती तिसरी पायरी हलते." लोक पोट धरून हसले. होलिस प्रुइट म्हणजे गावातला पहिल्या नंबरचा थट्टेखोर, हार्डवेअरच्या दुकानात लोक खिळे घ्यायला कमी आणि त्याचं बोलणं ऐकायला जास्त यायचे. मीही हसले. मॅरिव्हिक तेवढी हसली नाही. ती त्याच्या पायांकडे बघत होती. एक बूट काळा होता, एक तपकिरी. आत्याच्या घरात उजेड कमी आहे, मी दहादा म्हटलं आहे.

लायकानं एक गंमत केली. ती होलिससमोर वाकली, त्याचा हात घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्यात म्हाताऱ्या माणसांना असं करतात. "लोलो" म्हणाली त्याला, म्हणजे आजोबा. होलिसला कसं वाटलं कोण जाणे, डोळे भरून आले त्याचे.

२५ नोव्हेंबर

मॅरिव्हिकनं ज्याच्या त्याच्या बरण्या, डबे परत केले, प्रत्येकात शेवया भरून. आत कोळंबी. भांडं रिकामं परत करायचं नसतं हे त्यांच्यातही आहे म्हणायचं. बर्निस म्हणाली, पिठाच्या बदल्यात कोळंबी, आपण पुढच्या आठवड्यात परत पौंड न्यायचे का?

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. नॅनेट अटलांटाहून एकटीच आली. तिचा नवरा आणि पोरं सासरी जेवली. तिला काय बघायचं होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून सकाळपासून मी होलिसला तयार करत होते. दाढी मीच केली. नातवंडांची नावं दोनदा म्हणवून घेतली.

आणि कसा वागला! जेवणाआधीची प्रार्थना त्यानं अशी म्हटली की पाद्र्यानं ऐकत राहावं. एक शब्द अडला नाही. मी नॅनेटकडे बघितलं, बघ म्हटलं मनात. टर्की झाली, मक्याच्या पावाचं सारण झालं, रताळ्याचं गोड झालं. मग होलिस उठला, हॅट घातली आणि म्हणाला, "चल इमी, उशीर झाला. घरी जाऊ या आता."

मी लगेच म्हटलं, "आत्याकडे जेवण झालं की तू कायम असाच पळायचास." नॅनेट ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला.

नंतर तिनं मला पोर्चवर गाठलं. मेकनला एक घर आहे म्हणे, अशा माणसांसाठीच बांधलेलं. "बाग आहे मम्मा. नर्स आहेत. दारं अशी आहेत की कुणी हरवत नाही."

"तुझ्या वडलांना बाग आहे."

"ती बाग आता दुसऱ्यांची आहे, मम्मा! तू एकटी किती दिवस ओढणार? तुझ्या अंगात आहे का तेवढं?"

खूप बोललो. बोलायचं नव्हतं ते बोललो. शेवटी नव्या वर्षापर्यंत थांबायचं ठरलं. तोवर सगळं धड चाललं तर ती मेकनचं नाव काढणार नाही. मी धड चालवणार. होलिस माझ्याजवळ राहिला पाहिजे, बाकी मला काही नको.

४ डिसेंबर

पाच वाजता पलीकडची चांदणी लागते आणि होलिसचे पाय शिवशिवतात. हॅट घालतो, निघतो. जाऊन पोर्चवरच्या झोपाळ्यावर बसतो, नाहीतर सरळ आत. आर्नेल तासाभरानं त्याला हाताला धरून आणून सोडतो. "मिस इमोजीन, आज साहेबांनी मला सगळ्या भिंतींतल्या तारा दाखवल्या. कुठली कुठून गेली आहे, सगळं पाठ!" होलिसनंच ओढल्या आहेत त्या तारा. न यायला काय झालं!

आज मॅरिव्हिक स्वतः आली, आल्याचं सूप घेऊन. इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच म्हणाली, "मिस इमोजीन, दाराला अगदी वर एक कडी लावून घ्या. समोर असली की हात जातो. वर असली की लक्षात येत नाही."

मी म्हटलं, "माझा नवरा वासरू नाही, कोंडून घालायला."

ती उठली. जाताना म्हणाली, "मग तुम्ही दोघंही येत जा संध्याकाळी. मला आवडेल." मी सुपाचं भांडं धुऊन तिच्या हातात दिलं. रिकामं. माझ्या आईनं पाहिलं असतं तर लाजेनं मेली असती.

१४ डिसेंबर

ख्रिसमसची मिरवणूक. सकाळीच एक भानगड झाली. मिरवणुकीच्या वाटेवर जर्निगन मंडळींच्या खुर्च्या पहाटेपासून मांडून ठेवलेल्या असतात, पणजोबांपासून ती त्यांचीच जागा. आर्नेल लवकर आला, त्याला वाटलं कुणाच्या तरी राहून गेल्या आहेत. त्यानं त्या नीट घडी करून खांबाला टेकवल्या आणि तिथे आपली सतरंजी पसरली. जर्निगन आले, तो हसून म्हणतो, "तुमच्या का? मी जपून ठेवल्यात!" बर्निस मला सांगताना तांबडीलाल झाली होती. होलिसनं मग आर्नेलला खांद्याला धरून आमच्या जुन्या दुकानासमोर आणलं. "ही जागा आपली. इथून कुणी उठवणार नाही." दुकानात आता मोबाईल विकतात, पण जागा आमचीच आहे.

दिव्यांनी मढवलेले ट्रॅक्टर आले, शाळेचा बँड आला, आगीच्या बंबावर बसून सांताक्लॉज आला. चर्चच्या गाडीवर देवदूत म्हणून लायका, पंख एकीकडे कललेले. मी कॉफी आणायला वळले ती दोन मिनिटं. परत येते तर होलिस नाही.

तो बंबामागून चालत होता, रस्त्याच्या मधोमध, दोन्हीकडच्या लोकांना हॅट काढून दाखवत. पूर्वी आमचा ट्रॅक्टर याच वाटेनं तो चालवायचा. लोक टाळ्या वाजवत होते, "होलिस! अरे होलिस!" मी धावले पण बँडच्या पोरांनी रस्ता अडवला होता. तेवढ्यात मागच्या गाडीवरून लायका उडी टाकून उतरली. पंखांसकट पळत गेली, त्याचा हात धरला, आणि दोघं तसेच नदीच्या पुलापर्यंत चालत गेले.

मी पोहोचले तेव्हा तो खुशीत होता. मी त्याला रस्त्यातच झापलं. लायका म्हणाली, "रागावू नका मॅम. लोलो मला नॅन म्हणत होते. मी ओ दिली."

नॅन म्हणजे आमची नॅनेट. नाव चुकलं. नाव कुणाचं चुकत नाही?

२१ डिसेंबर

आता तो दुपारपासूनच तिकडे असतो. झाड कुठल्या कोपऱ्यात ठेवायचं, हिरवी माळ कुठल्या खिळ्याला अडकवायची, फळांच्या केकवर व्हिस्की किती शिंपडायची, सगळं तो त्यांना शिकवतो आहे. (आम्ही बाप्टिस्ट, दारूला शिवत नाही. व्हिस्की फक्त केक पितो.) मॅरिव्हिक त्याचं सगळं ऐकते. "साहेब, इथे का? साहेब, एवढी पुरे?" तो सांगतो आणि तिनं तसंच केलं की मान डोलावतो.

मी इकडच्या खिडकीतून बघते. माझ्या हयातीत ते घर इतकं सुंदर दिसलं नव्हतं. मला हेवा वाटला. तिचा नाही, घराचा. मी तीन तीनदा "होलिस, स्वेटर घाल" म्हटलं तर तो माझ्याकडे असा बघतो की ही कोण मध्ये बोलते. तिकडे गेला की हसतो.

नॅनेटचा फोन आला. सगळं छान आहे म्हटलं.

२५ डिसेंबर

लिहू नये असं वाटतं, पण न लिहून डोक्यातून जाणार नाही.

आमच्याकडे ख्रिसमसच्या सकाळी जो आधी "ख्रिसमस गिफ्ट!" ओरडेल तो जिंकला, दुसऱ्यानं त्याला भेट द्यायची. लग्न झाल्यापासून मी एकदाही जिंकले नाही. माझा डोळा उघडायच्या आत तो कानात ओरडायचा. यंदा मी ठरवलं होतं. उजाडायच्या आधी जागी झाले, त्याच्याकडे वळले. अंथरूण रिकामं होतं. दार सताड उघडं.

मी तशीच सपाता घालून रस्त्यात आले. धुकं होतं. पलीकडच्या पोर्चवर होलिस, पायजम्यात. त्यानं दारावर थाप मारली, मॅरिव्हिकनं उघडलं, आणि तो ओरडला, "ख्रिसमस गिफ्ट, इमी! हरलीस!" मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यानं तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

तिला त्यातलं काही कळलं नसणार. तरी ती मागे सरली नाही. त्याच्या खांद्यावरून तिनं मला बघितलं. तिचे डोळे मी विसरणार नाही.

होलिसनं वळून पाहिलं. मला वाटलं, आता ओळखेल, आता शरमेल, मग आपण यावर हसू. तो अगदी अदबीनं म्हणाला, "या ना बाई. थंडीत का उभ्या? इमी, बघ कोण आलंय. एक ताट जास्त मांड."

मी गेले. दुसरं काय करणार होते? माझ्याच टेबलाशी पाहुणी होऊन बसले. भात, अंडी, गोड लालसर सॉसेज, आणि त्यानंच करायला लावलेली माझ्या आईच्या पद्धतीची बिस्किटं. होलिसनं बिस्किटांची टोपली आधी माझ्यापुढे धरली, पाहुण्याला देतात तशी. "तुम्ही कुठल्या, बाई?"

"इथलीच. रस्त्यापलीकडे राहते."

"म्हणजे शेजारी की! कधीही येत जा. आमच्या इमीला सोबत होईल. ती बोलायला जरा फटकळ आहे, पण मनाची चांगली आहे."

आर्नेल उठून बाहेर गेला. लायकानं टेबलाखालून माझा हात धरला आणि जेवण संपेपर्यंत सोडला नाही.

२७ डिसेंबर

काल आणि आज दोन्ही दिवस त्यानं मला इमी म्हटलं. ख्रिसमसला धुकं होतं, तो अर्धवट झोपेत होता, एवढंच. नॅनेटला काही बोलले नाही.

१ जानेवारी

चवळी काल रात्रीच भिजत घातली होती. हिरवी पालेभाजी, डुकराचं खारवलेलं मांस, मक्याचा पाव, नव्या वर्षाचं जेवण जसं असतं तसं. आजच्या दिवशी एक गोष्ट मात्र करायची नाही. कपडे धुवायचे नाहीत. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी जी बाई कपडे धुते ती घरातलं एक माणूस धुऊन टाकते. माझ्या आजीनं एकदा हट्टानं आजोबांचे सदरे धुतले, ईस्टरला आजोबांना पुरलं. मी शिकलेली आहे, बँकेत नोकरी केली आहे. पण आजवर या दिवशी रुमालसुद्धा भिजवलेला नाही.

आणि आजच सकाळी होलिसची गादी ओली. चादरी, ब्लँकेट, त्याचे कपडे, सगळं. त्याला कळलं होतं. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला लहान पोरासारखा. मी त्याला पुसलं, कोरडे कपडे घातले, "पाणी सांडलं माझ्या हातून" म्हटलं. चादरींचं काय करायचं? धुवायच्या तर नाहीतच. टबमध्ये टाकल्या, वर टॉवेल झाकला, बाथरूमचं दार लावून घेतलं. नॅनेट परवा यायची होती. तोवर उद्या धुऊन वाळवून होतील, तिला कळायचं नाही, असा माझा हिशेब.

दुपारी मॅरिव्हिक टोपलीभर फळं घेऊन आली, सगळी गोल गोल. त्यांच्यात नव्या वर्षाला गोल फळं लागतात. होलिसला तिनं संत्रं सोलून दिलं. मी चवळी बघायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तर ती नव्हती. इस्पितळातून फोन आला असेल म्हटलं.

तासाभरानं ताटं वाढायला घेतली आणि सहज खिडकीबाहेर नजर गेली. पलीकडे पिकानच्या झाडांमधल्या दोरीवर माझ्या चादरी वाळत होत्या.

मी कशी धावले मला आठवत नाही. हातात पळी तशीच होती. ती होलिसचा पायजमा दोरीवर टाकत होती.

"तुला कुणी सांगितलं होतं? कुणी सांगितलं होतं गं तुला हात लावायला?"

"मिस इमोजीन, वास आला. मी नर्स आहे, मला काही वाटत नाही. तुमच्या पाठीचं दुखणं..."

"आज धुतात का? आज? धुतलंस ना त्याला! माझ्या घरातून धुऊन काढलंस! घर घेतलंस, आता माणूस घे!"

मी काय म्हणते ते तिला कळेना. मग मी सांगितलं, ओरडत, अडखळत. ती पांढरी पडली. वळली आणि दोरीवरून ओल्या चादरी ओढून काढायला लागली, भराभरा, जसं काही काढल्या की धुतलं ते परत जाईल. चिमटे इकडेतिकडे उडाले. ते बघून माझ्यातला जोर एकदम गेला. मी मागच्या पायरीवर बसले.

ती ओल्या चादरी छातीशी धरून शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मला माफ करा. मला ठाऊक असतं तर हात लावला नसता. पण मिस इमोजीन, चादरीमुळे नाही होत हे. मी रोज बघते. साहेब जाताहेत. केव्हाचे जाताहेत."

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. डॉक्टरनं ऑगस्टमध्ये सांगितलं होतं, सगळं, नावासकट. मी त्याला म्हटलं होतं, तू अजून पोरगा आहेस.

आम्ही चादरी पुन्हा वाळत घातल्या. वाळल्यावर दोघींनी मिळून टोकाला टोक लावून घड्या केल्या. होलिस रस्ता ओलांडून कधी आला कळलं नाही. उभा राहून बघत होता. "इमी," तो तिला म्हणाला, "पाहुण्या बाईंना कामाला जुंपू नकोस गं."

मॅरिव्हिकनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ती म्हणाली, "नाही जुंपत हं."

चवळी करपली होती. तशीच खाल्ली.

४ जानेवारी

नॅनेट काल आली. ती विचारायच्या आत मी सांगितलं, मेकनला फोन कर. ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी रडले नाही. रडणं पुढे आहे.

मॅरिव्हिकच्या बोलण्यानं मी ठरवलं असं नाही. परवा संध्याकाळी मी दाराला वर कडी लावली. मीच लावली, स्टुलावर चढून. पाच वाजता होलिस उठला, हॅट घातली, दार ओढलं. उघडेना. त्यानं पुन्हा ओढलं, मग दोन्ही हातांनी. मग वळून माझ्याकडे बघितलं आणि हॅट काढून हातात धरली. तो मला घाबरला होता. "बाई," म्हणाला, "मी तुमचं काय वाईट केलं? जाऊ द्या ना मला घरी."

एका परक्या घरात एका परक्या बाईनं आपल्याला कोंडलं आहे, असं त्याला वाटत होतं. मी त्याला माझ्याजवळ ठेवायला बघत होते आणि त्याच्या लेखी मी ती बाई झाले. मी कडी काढली. मॅरिव्हिकची रात्रपाळी असल्यानं आर्नेलनं त्याला ठेवून घेतलं, जेवू घातलं. पण आर्नेलला गिरणी आहे, तिला इस्पितळ आहे, पोरीला शाळा. त्यांनी ठेवून घेतो म्हटलं, खरंच म्हटलं. मी नको म्हटलं. ते लोक इथे राहायला आले आहेत, माझं ओझं वाहायला नाही.

९ जानेवारी

उद्या जायचं. कपड्यांवर नाव घातलेलं हवं, तिकडे सगळ्यांचे एकत्र धुतात. नॅनेट म्हणाली, शाईचं पेन आहे, फटाफट होईल. मी म्हटलं नाही, मी शिवणार. त्याच्या कॉलरवर पेनानं गिरगटायला मी मेले नाही अजून. पांढरी फीत आणली, त्यावर लाल दोऱ्यानं नाव भरते आहे. सदरे झाले, बनियन झाले, मोजे राहिलेत. मोज्यांवर कसं शिवायचं कोण जाणे.

दुपारी होलिस माझ्यासमोर येऊन बसला. आज शांत होता. बराच वेळ सुईकडे बघत राहिला, मग दोरा संपला तर त्यानं रीळ उचलून दिलं.

"तुमचे यजमान कुठे निघालेत वाटतं?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.

"लांब?"

"मेकनला."

"तुम्ही जात नाही बरोबर?"

"मला तिथे राहू देत नाहीत."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं नाही. एक मोजा उचलून त्यानं मांडीवर ठेवला, हातानं सपाट केला, माझ्याकडे सरकवला.

"हे काही बरं नाही केलं त्यांनी," तो म्हणाला. "मी माझ्या बायकोला टाकून एक रात्र कुठं राहिलो नाही."

मी म्हटलं, "ठाऊक आहे मला," आणि तो मोजा घेतला.